पाहणीच्या दिवशी बंद

"नाव काय तुमचं?" मॅजिस्ट्रेटबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं आणि विकी दुसऱ्यांदा गप्प राहिला. बोरिवलीच्या कोर्टात शेवटच्या बाकावर बसलेली रश्मी त्याच्याकडे बघत होती. भीतीनं दातखीळ बसलेली पोरं ती वर्गात रोज बघत होती. हे तसं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ पिंजऱ्यात पाठ ताठ करून उभा होता, दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, आणि चेहऱ्यावर मात्र पेपरात नेमका पाठ केलेला प्रश्न यावा तसं समाधान. ते समाधान बघूनच तिला कळलं की आपण उशिरा पोचलो आहोत. मग तो बोलला. आवाज शांत होता. "मॅडम, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण मी या कोर्टाला ओळखत नाही. ज्या संसदेच्या कायद्यानं मला इथं उभं केलंय, ती संसदच अपात्र आहे. अपात्र संसदेनं केलेला कायदा मला लागू नाही, म्हणून माझं नावही तुम्हाला लागू नाही." कुणीतरी खुदकन हसलं. पुढच्या केसची वाट बघणारा एक वकील मोबाइलमधून मान वर काढून बघू लागला. मॅजिस्ट्रेटबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि विकीच्या बाजूनं उभ्या असलेल्या वकील मुलीला म्हणाल्या, "जातमुचलक्यावर सोडायला माझी हरकत नाही. पण सही त्यालाच करावी लागेल ना? बिननावाच्या माणसाला मी कसं सोडू? जेवणानंतर परत घेते. तोवर समजवा. नाही समजला तर जेल."

वकील मुलीचं नाव तेजल. ती कोर्टानंच फुकट नेमून दिलेली, आणि सकाळपासून तिच्या वाट्याला आलेला हा कितवा आरोपी होता कोण जाणे. व्हरांड्यात येऊन तिनं रश्मीला बाजूला घेतलं. "मॅडम, केस काहीच नाहीये हो. झोपडी खाली करायची नोटीस चिकटवायला आलेल्या अधिकाऱ्याचा हात धरून ठेवला, सोडला नाही, बस. सरकारी कामात अडथळा. मारलं नाही, शिवी दिली नाही. उलट 'साहेब, चहा घेणार का' म्हणून विचारलं म्हणे. पण हा असा बोलायला लागला ना, तर वाट लागेल त्याची." रश्मीनं मान हलवली. तिच्या खांद्याला अजून शाळेची पिशवी होती. मुलुंडच्या शाळेत दुसऱ्या तासाला आईचा फोन आला होता, विकीला काल संध्याकाळी नेलंय, मी रात्रभर तुला सांगितलं नाही, तुझ्या घरी कशाला तमाशा. वर्ग तसाच सोडून ती रिक्षात बसली होती. लिंक रोडवर रिक्षा तुंबली तेव्हा तिनं हातावरचा खडू पदराला पुसला आणि मग त्या पांढऱ्या डागाकडे बघत बसली. तिला राग आला होता, विकीचा नव्हे, आईचा, की आई अजूनही तिच्या घराला तिचं घर म्हणते आणि दिंडोशीच्या डोंगरावरच्या झोपडीला आपलं. आता तेजल सांगत होती ते ऐकताना तिला एवढंच समजत होतं की झोपडी अपात्र ठरवली त्याविरुद्धच्या अपिलाची उद्या शेवटची तारीख आहे. झोपडी बापामागे विकीच्या नावावर, म्हणजे अपिलावर सही विकीची, अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं विकीनं. तो आत गेला तर अपील गेलं, अपील गेलं तर झोपडी गेली, आणि पुनर्वसनाच्या इमारतीत आईला मिळायची खोलीही गेली. आई मुलुंडला येणार नाही. तिनं स्पष्ट सांगितलं होतं, जावयाच्या दारात मी मरणार नाही गं.

सगळं त्या एका शब्दापासून सुरू झालं होतं. बंद. वस्तीत पुनर्वसनाची पाहणी झाली तेव्हा माणसं घरोघर फिरली, टेप लावून मोजली, दारावर आकडे लिहिले, कुटुंबाला दारात उभं करून फोटो काढले. ओव्हाळांच्या दारात उभं राहायला त्या दिवशी कुणी नव्हतं. खंडू ओव्हाळ, रश्मीचे पप्पा, सरकारी हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात शेवटचे श्वास घेत होते आणि सगळं घर त्यांच्या खाटेभोवती होतं. रश्मीला तो दिवस वासासकट आठवत होता, फिनेलचा वास, शेजारच्या पेशंटच्या डब्यातल्या मेथीचा वास, पप्पांच्या तोंडाला लावलेल्या मास्कच्या रबराचा वास. आई त्यांचे तळपाय चोळत होती. विकी सारखा मशीनवरच्या रेषेकडे बघत होता. पप्पा दुपारी गेले. त्याच दुपारी डोंगरावर कुणीतरी त्यांच्या कुलपाकडे बघितलं, एक शब्द लिहिला आणि पुढच्या दाराकडे गेलं. पुढे यादी लागली तेव्हा आख्ख्या गल्लीत पात्र, पात्र, पात्र, आणि यांच्यापुढे, पाहणीच्या दिवशी बंद, सबब अपात्र. विकीनं मृत्यूचा दाखला नेला. लाइट बिलं नेली. ऑफिसातला माणूस वाईट नव्हता, तो म्हणाला, अहो दाखला बरोबर आहे, पण दाखल्यानं एवढंच कळतं की ते त्या दिवशी वारले. ते इथं राहत होते हे कुठं कळतं? विकी घरी येऊन हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. जेवताना म्हटलं. हात धुताना म्हटलं. आई म्हणाली, पुरे रे बाबा. तो थांबला. पण आत ते चालूच राहिलं असणार, कारण त्यानंतरचा विकी वेगळाच झाला.

तो एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होता. सकाळी टॉवरमधल्या घरांत जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, सर्व्हिस लिफ्टनं वर, सर्व्हिस लिफ्टनं खाली. हात हलका होता त्याचा. म्हाताऱ्या बायका फोन करून सांगायच्या, तो विकीच पाठवा, त्याची सुई कळतसुद्धा नाही. यादीनंतर तो वाचायला लागला. आधी झोपडपट्टीचा कायदा, मग त्या कायद्याचा आधार, मग आधाराचा आधार. माणूस विहिरीत दोर सोडतो तसा तो खाली खाली जात होता आणि तळ लागत नव्हता. मग चेंबूरला दर रविवारी जमणाऱ्या मंडळींत तो जायला लागला. तिथं एक निवृत्त गृहस्थ फळ्यावर तारखा लिहीत आणि संसद मुळातच कशी बेकायदा आहे ते समजावून सांगत. रश्मीनं आधी मनावर घेतलं नाही. दारू नाही, जुगार नाही, कायदा वाचतोय तर वाचू दे. एका रविवारी ती माहेरी गेली असताना त्यानं तिला समोर बसवलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी पप्पांचा, पप्पांच्या फोटोला अजून चकचकीत नवी फ्रेम. "ताई, तू नागरिकशास्त्र शिकवतेस ना? सांग, घटना समिती कुणी निवडली?" ती म्हणाली, प्रांतांच्या विधिमंडळांनी. "आणि त्या विधिमंडळांना मतं कुणी दिली? ज्यांच्याकडे जमीन होती, जे कर भरत होते, जे शिकलेले होते त्यांनी. आपल्या आज्याला मत होतं? नव्हतं. म्हणजे ती पाहणी झाली तेव्हा आपलं घर बंद होतं. मग तीच सभा हंगामी संसद झाली, आणि एकदाही निवडणूक व्हायच्या आधी तिनं घटनेत दुरुस्तीसुद्धा केली. कुणाला विचारून? आणि आजची लोकसभा? कुठल्या राज्याला किती खासदार, ते अजून एकाहत्तरच्या शिरगणतीवर. माझा जन्म कधीचा? मी मोजलेलोच नाही ताई. ते मला अपात्र म्हणतात ना, मी म्हणतो, तुमचीच पाहणी खोटी आहे. तुम्ही अपात्र."

ती हसली होती. "आणि घटना?" तिनं फोटोकडे बोट करून विचारलं होतं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला होता. "घटना खरी. घटनेला मी काही म्हणत नाही. घटना साहेबांची आहे. संसद खोटी." आई ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "नंतर भांडा दिल्लीशी. आधी पाण्याचा ड्रम भर." तिघं हसली होती. पण दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात फळ्यावर 'संसद: जनतेची प्रतिनिधी' असं लिहिताना रश्मीचा हात 'जनतेची' या शब्दावर थांबला. पोरांना वाटलं बाई ऱ्हस्व-दीर्घ विसरल्या. तिला वाटलं, हा शब्द आपण इतकी वर्षं लिहितोय आणि एकदाही तो आपल्याला टोचला नाही. त्या दिवशी तिनं तास लवकर संपवला. घरी गेल्यावर नवऱ्याला हे सांगावं असं वाटलं आणि सांगितलं नाही. विकीलाही कधी सांगितलं नाही. पुढे विकीनं आधार कार्ड परत पोस्टानं पाठवलं, बँकेतलं खातं बंद केलं, मत दिलं नाही, लॅबमध्ये नवीन करार आला त्यावर सही करायला नकार दिला आणि नोकरी गेली. तेव्हा मात्र ती ओरडली, रडली, शपथा घातल्या. जे एकदा म्हणायला हवं होतं तेवढं सोडून ती सगळं बोलली.

हवालदारानं पाच मिनिटं भेटू दिलं. जिन्याखालच्या बोळकंडीत विकी बाकावर बसला होता, दुसऱ्या एका आरोपीच्या शेजारी, आणि तो आरोपी वडापाव खात होता. विकीनं आपला तसाच कागदात ठेवला होता. "शाळा सोडून आलीस?" त्यानं विचारलं. जणू तीच आत अडकली होती आणि तो भेटायला आला होता. "विकी, सही कर रे. नुसती सही. उद्या अपील आहे."

"अपील कुणाकडे करायचं? ज्यानं बंद लिहिलं त्याच्याच साहेबाकडे?"

"झोपडपट्टीचा कायदा संसदेचा नाहीच मुळी, विधानसभेचा आहे," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोलतोय असं तिला वाटलं. ती परीक्षेतल्या पोराशी बोलावं तसं भावाशी बोलत होती. तो हसला. "आणि विधानसभा कशावर उभी आहे?" "घटनेवर!" ती ओरडली, तसा हवालदारानं मागे वळून बघितलं. तिनं आवाज खाली आणला. "घटनेवर उभी आहे. आणि हे कोर्टपण. तूच म्हणतोस ना, घटना खरी? मग घटना खरी आणि तिच्यातली संसद खोटी, हे कुठलं गणित रे? बाबासाहेब त्याच हंगामी संसदेत बसत होते. पुढे लोकसभेला उभे राहिले आणि पडले. याच मुंबईत पडले. तेव्हा नाही म्हणाले ते, की हे सभागृह अपात्र आहे. राज्यसभेतून आत गेले. दुसऱ्या दारानं गेले पण गेले."

विकीनं वडापावाचा कागद घट्ट दुमडला. तिला वाटलं, लागलं. नेमकं लागलं. शेजारचा आरोपी चावायचा थांबला होता. मग विकी म्हणाला, "ते साहेब होते ताई. त्यांना दुसरं दार होतं. आपल्याला एकच दार होतं, आणि त्या दिवशी त्याला कुलूप मी लावलं होतं." तो पुढे हळू बोलला, "आई म्हणत होती, तू थांब घरी, पाहणीवाले येणारेत. मी म्हटलं, मला पप्पांजवळ राहायचंय. मीच कुलूप लावलं. मी राहिलो असतो तर पप्पांना शेवटचं बघितलं नसतं, पण पात्र झालो असतो. असा कायदा असतो का कुठं? असा कायदा करणारे खरे असतील, तर मग मी चुकलो. मी चुकलो नाही ना ताई?" तिनं त्याचा हात धरला. "नाही रे. नाही चुकलास." "मग ते चुकले," तो म्हणाला आणि त्यानं हात सोडवून घेतला. पाच मिनिटं संपली होती.

ती वर आली तेव्हा जिन्याच्या पायऱ्या तिला नीट दिसत नव्हत्या. त्या सगळ्या तारखा, तो फळा, ते चेंबूर, सगळं एका कुलपावर बांधलेलं होतं आणि तिला ते आज कळत होतं. आणि कळून तरी काय? ते काढून घेतलं तर खाली काय उरतं? तेजल खिडकीशी उभी राहून बिस्किटं खात होती. "काय म्हणाला?" रश्मीनं नकारार्थी मान हलवली. तेजलनं पुड्याची घडी करून पर्समध्ये टाकली. "मॅडम, एक रस्ता आहे. तुम्ही सांगा, वडील गेल्यापासून त्याची मनःस्थिती ठीक नाही. घरचे उपचार करतील, जबाबदारी घेतील. मॅजिस्ट्रेट चांगल्या आहेत, तपासणीचा आदेश देतील आणि तुमच्या ताब्यात देतील. अपिलालाही आजारपण म्हणून मुदत मागता येईल." रश्मी म्हणाली, "पण तो वेडा नाहीये." तेजल म्हणाली, "मी कुठं म्हणतेय? कागदावर म्हणायचं. बाहेर आला की झालं ना." खाली आवारात एक मांजर पार्क केलेल्या गाडीच्या टपावर झोपलं होतं. रश्मी त्याच्याकडे बघत राहिली. तिला पप्पा आठवले, पगाराच्या दिवशी दोघा भावंडांना बसवून घटनेची उद्देशिका म्हणून घेणारे, विकी 'सार्वभौम' म्हणताना अडखळायचा आणि पप्पा म्हणायचे, जमेल, पुन्हा म्हण. तिला आई आठवली, भरलेल्या पिशव्या दारात ठेवून बसलेली. आणि तिला आपला तो हात आठवला, फळ्यावरच्या एका शब्दावर थांबलेला. तेव्हा फोन करून एवढंच म्हटलं असतं, विकी, तुझं सगळं बरोबर नाही, पण सगळं चूकही नाही, तर? तर कदाचित तो एकटा पडला नसता. पण कदाचित आज दोघंही पिंजऱ्यात उभी असती. तिला काही ठरवता येईना. जेवणाची सुट्टी संपली आणि पुकारा झाला.

विकी पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला. मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, "काय ठरलं?" तो म्हणाला, "मी सकाळी सांगितलं ते." तेजल उठली. "मॅडम, आरोपीची बहीण हजर आहे. शिक्षिका आहेत. त्यांना काही सांगायचंय." रश्मी पुढे गेली. इतक्या जवळून तिला विकीच्या शर्टावरचा घामाचा पट्टा दिसत होता. "बोला बाई," मॅजिस्ट्रेट म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जी माणुसकी होती तिनंच रश्मीचा घात केला. आवाज कडक असता तर ती कदाचित गप्प बसली असती.

"मॅडम, वडील गेल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाहीये," ती म्हणाली. "तो काय बोलतो ते त्याला कळत नाही. त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. आम्ही त्याला डॉक्टरकडे नेऊ. तो आजारी आहे."

कोर्टात आता कुणी हसलं नाही. मॅजिस्ट्रेटबाईंनी लिहायला पेन उचललं, "म्हणजे मनोविकार तपासणीसाठी..." आणि तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला.

"विकी खंडू ओव्हाळ."

बाईंनी मान वर केली. विकीनं दोन्ही हातांनी लाकडी कठडा धरला होता. "माझं नाव विकी खंडू ओव्हाळ. वय सदतीस. राहणार दिंडोशी, गोरेगाव पूर्व. मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे लिहून घ्या मॅडम. मी शुद्धीवर आहे असं लिहा. कोर्टानं लिहिलं पाहिजे." त्याचा आवाज चिरकला. "मला काय बोलतो ते कळतं. मी वेडा नाही. तुम्ही म्हणाल तिथं सही करतो, पण हिनं सांगितलं ते लिहू नका." मॅजिस्ट्रेटबाईंनी रश्मीकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नाही लिहीत. या, सही करा." तेजलनं रश्मीचा दंड दाबला, सुटला मॅडम, झालं काम. विकी वाकून सही करत होता. ज्या कोर्टाला तो ओळखत नव्हता त्याच्याकडूनच त्यानं आज मागून घेतलं होतं की मी माणसांत आहे. आणि ते मागायची वेळ त्याच्यावर कुठल्या संसदेनं आणली नव्हती.

बाहेर आल्यावर ती त्याच्यामागून जवळजवळ धावली. "विकी, ऐक ना. तेजल म्हणाली म्हणून. दुसरा रस्ता नव्हता रे. मला तसं वाटत नाही, खरंच वाटत नाही. तुला माहितीये, एकदा वर्गात मी..." तो थांबला. त्याच्या डोळ्यांत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता दमलेला होता, रक्त काढून घेतल्यावर पेशंट दिसतात तसा. "रिक्षा थांबवू?" त्यानं विचारलं. "तुम्हाला लांब जायचंय."

तुम्हाला. तिला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. लहानपणी याच मुलाला तिनं कडेवर घेऊन नळावर रांग लावली होती.

ती मुलुंडला गेली नाही. त्याच्याबरोबरच डोंगरावर गेली. आईनं दोघांवरून मीठमोहरी उतरवायची तेवढी बाकी ठेवली होती, ती रडत होती, हसत होती, रश्मीच्या गालावरून हात फिरवत होती, "तू होतीस म्हणून पोरगं शुद्धीवर आलं गं माझं." विकीनं जेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी रश्मीनं रजा टाकली आणि दोघं अपिलाच्या ऑफिसात गेली. तिथल्या बाईंनी कागद घेतले, एक दोन कमी होते ते आणायला सांगितले, सुनावणी होईपर्यंत झोपडीला हात लावणार नाहीत असंही म्हणाल्या. म्हणजे निदान काही महिने. आशा ठेवायला जागा होती. रश्मीनं तीनदा आभार मानले. मग सह्या सुरू झाल्या. अर्जावर, प्रतिज्ञापत्रावर, 'मी कायद्याचे पालन करीन' अशा हमीवर. वर्षभर एकेका ओळीवर रात्ररात्र बसणारा, कायद्यातल्या प्रत्येक 'परंतु'ला अडणारा विकी, बाई बोट ठेवतील तिथं सही करत होता. मान खाली. "इथंच ना?" एवढंच विचारत होता.

शेवटच्या कागदात त्याचं वडिलांशी असलेलं नातंच चुकीचं, 'मुलगा'ऐवजी 'पुतण्या' असं, टाइप झालं होतं. रश्मीला उलट्या बाजूनंसुद्धा ते दिसलं. त्यानं पेन टेकवलं होतं. "अरे, वाच तरी विकी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली विनवणी ऐकून टेबलापलीकडच्या बाईंनीही वर बघितलं. "एकदा वाच. हे चुकलंय. सांग ना त्यांना, चुकलंय म्हणून. भांड की."

विकीनं कागदाकडे बघितलं नाही. "तुम्ही वाचलंय ना?" तो म्हणाला, आणि सही केली.